कुसै हे नाव सद्दामच्या घरातलं नाही

मुलांसाठी नावं सुचवण्याच्या चर्चेत कुणीतरी म्हटलं, की सद्दाम हुसेनच्या मुलाचं नाव म्हणून 'कुसै' यादीतून बाद करा. हे मत मला अजिबात पटलं नाही. सद्दामचा तो मुलगा २००३ मध्ये इराकमधल्या मोसुलला मारला गेला. नाव मात्र इस्लामच्याही आधीचं आहे. अर्थ 'दूरचा' हे बरोबर, पण या नावाच्या जुन्या, प्रसिद्ध कुसैला असं नाव का पडलं ते त्या चर्चेत कुणी लिहिलेलं नाही.

परंपरेनुसार त्याचं मूळ नाव झैद. वडील किलाब वारले, आईने दुसरं लग्न केलं आणि तान्ह्या मुलाला घेऊन ती मक्केपासून लांब, शामच्या (म्हणजे सीरियाच्या भागाच्या) सीमेकडे गेली. म्हणून तो कुसै. मोठेपणी एका भांडणात कुणीतरी 'तू आमच्यातला नाहीस' असं हिणवलं, तेव्हा त्याने आईला खोदून विचारलं आणि थेट मक्का गाठली. पुढे काबाची व्यवस्था त्याच्याकडे आली, विखुरलेल्या कुरैश या आपल्या टोळीला त्याने मक्केत एकत्र वसवलं. प्रेषित मुहंमदांचा हा पाचव्या पिढीतला पूर्वज. अल-अक्सा मशिदीतला 'अक्सा' हा शब्दही याच अरबी शब्दमूळातून आलेला.

सीरिया, जॉर्डन, इराकमध्ये हे नाव आजही ठेवतात. आपल्याकडे क्वचितच ऐकू येतं, पण उच्चाराला सोपं आहे. जरूर ठेवा.