व्हुएल्टा २०२३: आपल्याच टीमच्या लाल जर्सीवाल्याला मागं टाकणं चालतं का?

रोहन_वाकड: जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली, तेव्हापासून नाद लागलाय. आता जुन्या शर्यती बघतोय. युंबो-विस्मा या टीमनं २०२३ मध्ये इटलीची जिरो, टूर दे फ्रान्स आणि स्पेनची व्हुएल्टा, तीन आठवड्यांच्या तिन्ही मोठ्या शर्यती मारल्या. व्हुएल्टात तर पहिले तिघंही त्यांचेच. पण १७व्या टप्प्यात, आंग्लिरूच्या चढावर, सेप कुसच्या अंगात लाल जर्सी (एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची) असताना त्याच्याच टीमचे रॉग्लिच आणि विंगेगोर त्याला सोडून पुढं का गेले?

घाटवेडा_सातारा: ज्याच्या पायात दम त्यानं जावं. शर्यत आहे ती. एकमेकांसाठी थांबायचं असेल तर घड्याळ कशाला लावायचं?

फिजिओ_नाशिक: दादा, मला हे अजिबात पटत नाही. सायकलपटूंचे आखडलेले पाय मोकळे करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे कोण कोणासाठी किती झिजलं याकडे माझं आधी लक्ष जातं.

रोहन, कुस त्या वर्षी तिन्ही शर्यती पूर्ण खेळला. प्रत्येकी २१ टप्पे, म्हणजे ६३. जिरोत रॉग्लिचसाठी राबला आणि १४वा आला, टूरमध्ये विंगेगोरसाठी राबला आणि १२वा आला. डोंगर लागला की पुढं व्हायचं, वेग एवढा ठेवायचा की विरोधी टीमचे गडी एकेक करून गळावेत, आणि स्वतःचा दम संपला की बाजूला व्हायचं. अशा गड्याला डोमेस्टिक म्हणतात. सपाटीवरचे डोमेस्टिक टीमच्या गाडीपर्यंत मागं येतात, जर्सीत पाठीवर, छातीवर पाण्याच्या बाटल्या कोंबतात आणि तेवढं ओझं घेऊन पुन्हा सगळ्या घोळक्यातून वाट काढत पुढं जातात. टीव्हीवर हे क्षणभर दिसतं. शर्यतीनंतर मालिश करणारे, रात्री साखळ्या धुणारे मेकॅनिक, कोणी किती भात खायचा ते ठरवणारे आहारतज्ज्ञ तेवढेही दिसत नाहीत. म्हणून तर बक्षिसाचे पैसे टीममध्ये वाटून घ्यायची रीत आहे.

जिरोचा २०वा टप्पा नक्की बघ. मोन्ते लुसारीचा भयंकर चढ, प्रत्येकानं एकट्यानं घड्याळाशी लढायचं. रॉग्लिच एकूण वेळेत पहिल्या असलेल्या गेरेंट थॉमसच्या २६ सेकंद मागं होता आणि मध्येच त्याची साखळी निसटली! त्यानं ती हातानं चढवली, आणि कडेला उभ्या असलेल्या त्याच्या जुन्या स्की-जंपिंगच्या सहकाऱ्यानं, मित्या मेझ्नारनं, धावत ढकलून दिलं. तरी टप्पा ४० सेकंदांनी जिंकला. जिरो खिशात, १४ सेकंदांनी.

आता आंग्लिरू. कुस तिथं पोचला तो कोणाच्या मेहेरबानीनं नाही. हावालाम्ब्रेच्या चढावर आघाडीच्या गटात राहून त्यानं सहावा टप्पा स्वतः जिंकला होता. आंग्लिरूच्या दिवशी सकाळी तो एकूण वेळेत विंगेगोरच्या २९ सेकंद पुढं होता. धुक्यात ते दोघं निघून गेले आणि कुसला आधार मिळाला तो परक्या टीमच्या मिकेल लान्दाच्या मागं चिकटून चालण्याचा. संध्याकाळी उरले ८ सेकंद. विरोधक कोणी जवळही नव्हते, मग आपल्याच माणसाला झिजवायची गरज काय होती? गाडीतून स्पष्ट हुकूम आधीच यायला हवा होता. यात मी खेळाडूंपेक्षा टीमच्या डायरेक्टरांना जास्त दोष देते.

घाटवेडा_सातारा: आदल्या दिवशी, १६व्या टप्प्यात बेहेसच्या चढावरही विंगेगोर कुसला सोडून सुटलाच होता की. तेव्हा कोणी बोललं नाही.

फिजिओ_नाशिक: त्या दिवशीचं मन वेगळं होतं, दादा. त्याच सकाळी त्यांचा सहकारी नेथन फान होयडोंक बेल्जियममध्ये गाडी चालवताना बेशुद्ध पडून अपघात झाला होता. विंगेगोरनं ती जीत त्याच्यासाठी होती असं सांगितलं. नेथन वाचला, पण त्याची कारकीर्द तिथंच संपली. आंग्लिरूला असं काहीच कारण नव्हतं.

रोहन_वाकड: ताई, मग पुढं कुसनं सांभाळलं कसं? नंतर तो लीडर झाला का?

फिजिओ_नाशिक: दुसऱ्याच दिवशी, १८व्या टप्प्यात, दोघंही त्याच्यासाठी राबले. फरक १७ सेकंदांवर गेला आणि तो माद्रिदपर्यंत टिकला. रॉग्लिच नंतर बोरा-हान्सग्रोहे या दुसऱ्या टीमकडे गेला. २०२४ च्या व्हुएल्टात कुस गतविजेत्याचा १ नंबरचा बिल्ला लावून उतरला, पण १४वा आला. २०२५ ला विंगेगोरनं व्हुएल्टा जिंकली, तेव्हा डोंगरात त्याच्यासाठी वेग धरायला कुस होताच. आधी १७वा बघ, मग लगेच १८वा. मध्ये खंड पडू देऊ नकोस.