‘संशोधनातून सिद्ध झाले आहे’ असे छापून येते, तेव्हा त्या संशोधनाचा खर्च कोणी केला हे कसे शोधावे?

शाईदौत (धागाकर्ती)

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. यंदा अकरावीच्या मुलांना आहार आणि आरोग्य या विषयावर छोटा प्रकल्प दिला होता आणि प्रत्येक विधानापुढे ते कोठून घेतले हे लिहिण्याची अट घातली होती. एका मुलीने साखर हा विषय निवडला आणि खरोखर मेहनत करून चौदा ठिकाणांहून माहिती जमवली. त्यात वेगवेगळ्या दोन दैनिकांची, आठवड्याच्या अंतराने आलेली दोन कात्रणे होती. दोन्हींत साखरेमुळे मिळणाऱ्या ऊर्जेविषयीच्या चार ओळी शब्दशः सारख्या होत्या, इतक्या सारख्या की ‘अत्यावश्यक’ या शब्दात झालेली चूकही दोन्हींकडे तीच होती. एका कात्रणाच्या तळाशी, चौकटीच्या रेघेला चिकटून, ‘प्रसिद्धी उपक्रम’ असे दोन शब्द होते. ते वाचायला मला चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ धरावा लागला. दुसऱ्या कात्रणावर असे काहीच नव्हते.

मुलीने विचारले, “मॅडम, मग यातले खरे कशाला धरायचे?” मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. मजकुरामागचा पैसा वाचकाला ओळखता येतो का, आणि ज्याला कंपनीचा पैसा लागला ते सर्व संशोधन बाजूला ठेवायचे का, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_उपसंपादक

ताई, आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाविषयी लिहितो, कारण त्या टेबलावर मी बावीस वर्षे काढली आहेत.

दोन दैनिकांत तीच चूक आढळते याचे सर्वांत साधे कारण म्हणजे दोघांकडे तेच प्रसिद्धिपत्रक आले होते. संध्याकाळी सातनंतर चार पाने लावायची असतात, हाताखाली एक माणूस असतो आणि टंकलिखित, छायाचित्रासह तयार मजकूर समोर असतो. तो मजकूर लावण्यासाठी कोणी पैसे द्यावे लागतात असेही नाही. बातमी मिळवायला जो खर्च येतो तो वर्तमानपत्राने करायचा नाही असे ठरले, की तो ज्याला परवडतो त्याचा मजकूर आपोआप पानावर येतो. तालुक्याचा वार्ताहर बहुतेक ठिकाणी पगारी नसतो. त्याला बातमीमागे किरकोळ मानधन आणि जाहिरातीवर टक्केवारी मिळते. त्यामुळे ज्या संस्थेच्या गैरकारभाराची बातमी त्याने द्यायची, तिच्याच दारात वर्धापनदिनाच्या जाहिरातीसाठी त्याला उभे राहावे लागते.

एक प्रसंग सांगतो. एका ऑक्टोबरमध्ये आमच्या वार्ताहराने ओढ्यात मळीमिश्रित पाणी सोडल्याने मासे मेल्याची बातमी पाठवली. सोबत छायाचित्र होते: काठावर पांढऱ्या पोटाचे मासे आणि गुडघाभर पाण्यात उभी असलेली एक बाई, हातात रिकामी घागर. त्याच आठवड्यात त्या साखर कारखान्याची गळीत हंगाम शुभारंभाची पानभर जाहिरात आरक्षित झालेली होती. मला कोणाचाही फोन आला नाही, मालकांनी काही सांगितले नाही, कारखान्यावरून कोणी आले नाही. मी स्वतःच मजकुरातील कारखान्याचे नाव काढले, ‘परिसरातील ओढ्यात मासे मृतावस्थेत’ असा मथळा दिला आणि छायाचित्र वगळले. बातमीतील एकही वाक्य खोटे नव्हते. आपण ज्याला पैशाचा प्रभाव म्हणतो, तो मी पाहिला आहे तो बहुतेक वेळा असाच, कोणी न सांगता झालेला.

उघड व्यवहारही झाले, आणि त्यांची नोंद आहे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांना पैसे घेऊन बातम्या छापण्याची ‘पॅकेज’ विकल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिले, की तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून जसाच्या तसा आला होता. ‘अशोकपर्व’ या शीर्षकाची पानेही त्या काळात निघाली. चव्हाण यांच्या निवडणूक खर्चाच्या हिशोबात वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा आकडा मात्र ५,३७९ रुपये होता. निवडणूक आयोगाने पुढे या हिशोबावरून काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला, हेही येथे सांगितले पाहिजे.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये बातम्यांच्या या विक्रीवर, वर्तमानपत्रांच्या नावानिशी, ७१ पानांचा अहवाल दिला, आणि परिषदेने तो पूर्ण प्रसिद्ध न करता संक्षिप्त अहवाल बाहेर काढला. मूळ अहवाल वाचकांना मिळाला तो २०११ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. बातम्यांच्या विक्रीवरचा अहवालच दीड वर्ष बातमीपासून दूर राहिला.

प्रयोगवही

मी पुण्यात जीवरसायनशास्त्रात संशोधन करते. आपल्या विद्यार्थिनीने नेमका साखरेचाच विषय निवडला आहे, म्हणून तिला सांगता येईल असे एक पक्के उदाहरण देते.

१९६७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिकात हृदयविकार आणि आहार यांविषयी दोन भागांत एक आढावा प्रसिद्ध झाला. लेखक हार्वर्डचे होते. आढाव्याचा रोख असा, की चरबी आणि कोलेस्टेरॉल यांकडे लक्ष द्यावे. साखरेवर बोट ठेवणारे पुरावे कमकुवत आहेत. वाचकाला जे ठाऊक नव्हते ते २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या क्रिस्टिन केअर्न्स आणि सहकाऱ्यांनी जुन्या पत्रव्यवहारातून बाहेर काढले. शुगर रिसर्च फाउंडेशन या साखर उद्योगाच्या संस्थेने त्या आढाव्यासाठी सुमारे ६,५०० डॉलर दिले होते, आढाव्याचा उद्देश ठरवला होता, काही लेख पुरवले होते आणि प्रसिद्धीपूर्वी कच्चा मसुदाही पाहिला होता. हितसंबंध जाहीर करण्याची सक्ती त्या नियतकालिकाने १९८४ मध्ये सुरू केली, म्हणजे लेखकांनी त्या काळचा कोणताही लेखी नियम मोडला नव्हता.

याच्याच पुढची, कमी माहीत असलेली घटना मला अधिक अस्वस्थ करते. त्याच संस्थेने १९६८ च्या सुमारास इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात उंदरांवरील एका प्रयोगाला पैसा दिला. ‘प्रोजेक्ट २५९’ हे त्याचे नाव. साखर दिलेल्या उंदरांमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असलेले एक विकर (एन्झाइम) वाढल्याच्या खुणा प्राथमिक निष्कर्षांत दिसू लागल्या. काम पूर्ण करण्यासाठी संशोधकाला आणखी काही आठवडे हवे होते. निधी थांबवण्यात आला आणि निष्कर्ष कधीच प्रसिद्ध झाले नाहीत. २०१७ मध्ये हे कागद सापडले, तेव्हा जवळपास पन्नास वर्षे उलटली होती. उंदरांत दिसले ते माणसांत घडतेच असे नाही, त्यामुळे त्या प्रयोगातून साखरेविषयी ठाम काही म्हणता येत नाही. पण ते तपासण्याची पुढची पायरीच कोणी चढू शकले नाही, कारण पहिली पायरी कपाटात बंद होती. आपल्या विद्यार्थिनीने चौदाऐवजी चाळीस ठिकाणे धुंडाळली असती, तरी न छापलेला शोधनिबंध तिच्या हाती लागला नसता.

प्रायोजित संशोधन सरसकट टाकून द्यावे असे मी म्हणणार नाही. औषधांच्या चाचण्यांचा मोठा खर्च कंपन्याच करतात आणि त्यांतून निघालेली अनेक औषधे आपण सर्व जण घेतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना निबंध शेवटाकडून वाचायला सांगते. शेवटी ‘निधी’ आणि ‘हितसंबंध’ असे दोन छोटे परिच्छेद असतात. निष्कर्ष वाचण्याआधी ते वाचावेत. मग पाहावे, की तुलना कशाशी केली आहे. एखाद्या पेयाची तुलना पाण्याशी केली की दुसऱ्या गोड पेयाशी, हे ठरवणाऱ्याने अर्धा निकाल आधीच ठरवलेला असतो. माणसांवरील औषधचाचणी असेल तर भारतात २००९ पासून तिची आगाऊ नोंदणी सक्तीची आहे आणि ती नोंदवही कोणालाही संगणकावर पाहता येते. सुरुवातीला काय मोजणार म्हणून लिहिले होते आणि शेवटी काय मोजले म्हणून छापले, हे तेथे ताडून पाहता येते.

काळी_जमीन

यवतमाळहून लिहितो. आमच्याकडे हा प्रश्न कापसाच्या रूपाने आला.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी एका मोठ्या इंग्रजी दैनिकाच्या नागपूर आवृत्तीत आमच्या जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांविषयी पानभर मजकूर आला. बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, कापसामुळे तेथे समृद्धी आली आणि या गावांत एकही शेतकरी आत्महत्या झालेली नाही, असे त्यात म्हटले होते. बातमीदारांना तेथे नेण्याची व्यवस्था बियाणे विकणाऱ्या माहिको मोन्सॅन्टो बायोटेकने केली होती. २८ ऑगस्ट २०११ रोजी तोच मजकूर त्याच दैनिकात पुन्हा छापला गेला, आणि या वेळी ती जाहिरात होती. तसे म्हणणाऱ्या ओळी अगदी बारीक अक्षरांत होत्या. म्हणजे एकच मजकूर तीन वर्षांपूर्वी बातमी आणि तीन वर्षांनी जाहिरात. दुसऱ्यांदा तो आला त्या ऑगस्टमध्ये अशा पिकांविषयी निर्णय घेणाऱ्या जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरणाचे विधेयक संसदेत मांडले जाण्याची वाट पाहिली जात होती.

मार्च २०१२ मध्ये संसदेच्या कृषी स्थायी समितीचे सदस्य भांबराजा येथे आले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना सांगितले की आमच्या गावात १४ आत्महत्या झाल्या आहेत. हे सर्व साईनाथ यांनी त्याच वर्षी मे महिन्यात लिहिले.

मी बीटी बियाण्यांच्या विरोधात हे लिहीत नाही. आमच्याही शेतात तेच पेरले जाते, आणि पहिल्या काही वर्षांत बोंडअळीचा त्रास कमी झाला हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझे दुःख वेगळे आहे. भांबराजाचा माणूस त्या पानावर बोट ठेवून ‘हे खरे नाही’ म्हणू शकत होता, पण ते पान इंग्रजीत होते आणि त्याच्यापर्यंत आलेच नाही. ज्यांच्यापर्यंत ते गेले ते भांबराजाला कधी येणार नव्हते. आपल्या विद्यार्थिनीला मी एवढेच सुचवीन, की मजकुरात गावाचे नाव असेल तर शक्य असल्यास त्या गावात एक फोन करावा.

पायरीवरचा

एक मुद्दा राहून गेला, तो थोडक्यात मांडतो. चौदांपैकी किती संदर्भ फुकट मिळाले, हे तिने पाहावे. चांगल्या नियतकालिकातील एक निबंध विकत घ्यायला अनेकदा ३० डॉलरच्या पुढे पैसे पडतात. उद्योगसंस्थेची रंगीत पुस्तिका मात्र कोणालाही, कधीही, मोफत मिळते. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेखाली केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांना २०२५ पासून उपलब्ध केली आहेत. ही मोठी गोष्ट आहे, परंतु अकरावीतील मुलगी त्या दाराच्या बाहेरच आहे.

आणि पैसा घेतला म्हणजे लेखणी विकली, असे मात्र कोणी समजू नये. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा त्यासाठी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले होते. त्याच वेळी ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही छापली नाही. ज्यांचे म्हणणे पानावर यायलाच हवे होते, त्यांच्यासाठी आश्रयदात्याचा पैसा हीच वाट होती. तो कोणी दिला हे जगाला ठाऊक होते, आणि मला फरक तेथे दिसतो.

शाईदौत

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. सोमवारी वर्गात हे सर्व वाचून दाखवले. आम्ही प्रकल्पवहीत संदर्भांच्या तक्त्याला ‘खर्च कोणाचा’ असा आणखी एक रकाना आखला. त्या मुलीने दोन दिवस खपून चौदांपैकी नऊ ओळी भरल्या आणि पाच ओळींत ‘समजले नाही’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिले. त्या पाचही ओळींचे गुण मी पूर्ण दिले.

जुने उपसंपादक, तिने आपल्यासाठी एक प्रश्न दिला आहे. त्या ओढ्याच्या बातमीत कारखान्याचे नाव पुढे कधी छापून आले का?

जुना_उपसंपादक

नाही. छायाचित्र माझ्याकडे आहे. कार्यालय सोडताना मी ते खणातून काढून आणले होते, मागे वार्ताहराच्या हस्ताक्षरात गावाचे नाव आणि तारीख आहे. आपली हरकत नसेल तर पुढच्या आठवड्यात महाविद्यालयात घेऊन येतो. कोणता वार सोयीचा पडेल ते कळवावे.