मदत हवी आहे: टॅबवरचे शिकवणीचे व्हिडिओ, खर्च 500 च्या आत

आगळवाली: आमच्या बचत गटाच्या टॅबवर काय कसं करायचं याचे छोटे व्हिडिओ करायचेत. मोबाईलने वरून शूटिंग केलं की काचेत ट्यूबलाइट दिसते, नेमकी बटणावरच. चार वेळा केलं, चारही पुसले. सोमवारी बायका येणार आहेत. लवकर सांगा.

देवगडचो झील: अँड्रॉइड कितवं? 11 पासून स्क्रीन रेकॉर्डर आतच असतो. वरून बोट दोनदा खाली ओढा, सापडेल. मायक्रोफोन निवडा, स्पर्श दाखवायचं चालू करा, बोट टेकेल तिथे ठिपका येतो. खर्च शून्य.

निवृत्त मास्तर: ठिपक्याने भागत नाही. मी कणकवलीला ज्येष्ठांना मोबाईल शिकवतो. ठिपका बघून आजी बोट दाबूनच ठेवतात आणि स्क्रीनवरची चिन्हं हलायला लागतात. बोट कधी उचललं ते दिसायला हवं. हात दाखवाच.

देवगडचो झील: मास्तर, हाताखाली अक्षरं झाकतात त्याचं काय?

समुद्रपक्षी: यूट्यूबवर टाका. 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4000 तास बघितलं गेलं की जाहिरातींच्या पैशांसाठी अर्ज करता येतो.

आगळवाली: कमवायचं नाहीये हो. अँड्रॉइड 13 आहे. रेकॉर्डर आधीच करून बघितला, सगळं काळं आलं, आवाज तेवढा आहे.

देवगडचो झील: हे आधी सांगायचं ना! कुठल्या अ‍ॅपमध्ये?

आगळवाली: पैसे पाठवायच्या. रातांब्यांचे (कोकमाच्या फळांचे) पैसे बागवाल्यांना देतो, तेच तर शिकवायचंय.

देवगडचो झील: मग रेकॉर्डर बिघडलेला नाही. पैशांची अ‍ॅपं सुरक्षेसाठी रेकॉर्डिंग अडवतात. त्यातून वाट काढत बसू नका. हिशेबाचे व्हिडिओ रेकॉर्डरने करा, हा एकच वरून.

निवृत्त मास्तर: म्हणजे वरूनच! आता ऐका. ट्यूब बंद. टॅब दारापाशी जमिनीवर, उजेड बाजूने येऊ दे. तांदळाचे दोन डबे, त्यांवर फळी, टोकाला मोबाईल कॅमेऱ्यापुरता बाहेर, दुसऱ्या टोकाला पाटा ठेवा. तरी काच चमकली तर वर काळी छत्री धरा. मोबाईलवर टॅबच्या चित्रावर बोट दाबून धरलं की उजेड लॉक होतो, नाहीतर पांढरं पान आलं की हात काळा पडतो. आणि पिन टाकण्याआधी शूटिंग थांबवा. पिन कुणाचाही, कधीही दिसता कामा नये.

माडावरची: रातांबे काय भावाने घेता? आमच्याकडे वेंगुर्ल्यात पाऊस लागला आणि उरलेले झाडाखाली कुजले.

आगळवाली: भाव व्यनि (खाजगी निरोप) करते. छत्रीने जमलं!! ट्यूब गेली, बटण स्वच्छ दिसतंय. पण पत्र्यावर पाऊस इतका वाजतो की माझा शब्द ऐकू येत नाही.

देवगडचो झील: आवाज नंतर भरा. पाऊस थांबला की गोधडी डोक्यावर घेऊन, इयरफोनचा माईक तोंडाशी. आणि मालवणीत बोला.

निवृत्त मास्तर: नको. बटणावर जे लिहिलंय तेच शब्द हवेत, नाहीतर बायका शोधत राहतील.

देवगडचो झील: आपल्या बोलीत सांगितलं तर भीती जाते, मास्तर.

आगळवाली: दोघांचंही घेतलं. "'पुढे' लिवलेला दिसता मा? थंय बोट टेकव आनि बेगीन उचल." बटणाचं नाव जसंच्या तसं, बाकी मालवणी. जाऊबाईंना दाखवला, त्यांनी न विचारता पिनापर्यंत नेलं. 1 मिनिट 40 सेकंद झालाय. हिशेबाचा उद्या करते, लाइट असली तर.