लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलताना: वेग की जागा?

खटपट्या
माझ्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्कसाठी एकच जागा आहे. आतली ५०० जीबीची, ५४०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे) डिस्क काठोकाठ भरलीय. तेवढ्याच खर्चात ५०० जीबीची एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) येते, नाहीतर २ टीबीची फिरती डिस्क. भाऊ म्हणतो, "जागा संपली म्हणून डिस्क बदलतोयस आणि घेणार पुन्हा तेवढीच?"

तरी माझं मत ठाम आहे, वेगच घ्यावा. ५४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९० फेरे. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद लागतात. हेड सरकायला आणखी दहा-बारा. म्हणजे विखुरलेल्या लहान फायली सेकंदाला साठ-सत्तरच वाचून होतात, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो वाचाव्या लागतात. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे ही वाट बघणंच संपतं. लॅपटॉप रोज उघडायचा असतो, साठवलेलं रोज कोण बघतं?

रानवाटा
मी बघते! पूर्ण असहमत. पक्ष्यांचं चित्रण करते. सेकंदाला १०० मेगाबिटने तासभर फोर-के घेतलं की ४५ जीबी जातात. तुमच्या ५०० जीबीत विंडोज आणि सॉफ्टवेअर वजा जाता आठ-नऊ तासांचं काम मावेल. ते चित्रण बघायला सेकंदाला साडेबारा एमबी पुरतात. सलग वाचताना फिरती डिस्क आरामात १०० च्या आसपास देते. मग वेग कुठे कमी पडला?

"बाहेरची डिस्क लावा" असं कुणी सांगण्याआधी ऐका. मांडीवर लॅपटॉप, शेजारी खुर्चीवर बाहेरची डिस्क, कॉपी चालू. मी उठले, केबलला हिसका बसला, डिस्क फरशीवर. उचलून लावली तर आतून नुसतं टक... टक... टक. बगळ्याच्या घरट्याचं तीन दिवसांचं चित्रण गेलं ते गेलंच. तेव्हापासून माझा माल लॅपटॉपच्या पोटातच.

खटपट्या
वाईट वाटलं वाचून. पण ताई, ती डिस्क मेली ती फिरत होती म्हणून. हेड तबकडीच्या अगदी लगत तरंगत असतो, चालू असताना आपटली की तो टेकतो. एसएसडी पडली असती तर बहुधा वाचली असती.

रानवाटा
पडली कारण ती बाहेर होती. बाहेर होती कारण आत जागा नव्हती.

मधलीवाट
७२०० आरपीएमची घ्या की! थोडा वेग, भरपूर जागा.

खटपट्या
साडेपाचऐवजी सव्वाचार मिलिसेकंद. हेड सरकायचा वेळ जवळपास तोच. याला मधला मार्ग कसा म्हणू?

मितभाषी
२ टीबीवाल्यांनी एक गोष्ट तपासावी. लॅपटॉपच्या ७ मिमी जाडीच्या २ टीबी डिस्क बहुतेक एसएमआर असतात. यात ट्रॅक, म्हणजे डेटा लिहिलेल्या गोल रांगा, कौलांसारखे एकावर एक चढवलेले. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची काढून पुन्हा लावावी लागतात. साठवून ठेवायला ठीक, पण त्याच डिस्कवर विंडोज चालवलं की अपडेटच्या दिवशी हाल. त्याहून मोठ्या अडीच इंची डिस्क सहसा १५ मिमीच्या, त्या लॅपटॉपात शिरतच नाहीत.

दुसरं म्हणजे, एसएसडीत वेग आणि जागा हे दोन वेगळे प्रश्नच नाहीत. मोठ्या एसएसडीत चिप जास्त, एकाच वेळी जास्त चिपवर लिहिता येतं. शिवाय ती ठासून भरली की मंदावते. ५०० ची घेऊन ४८० भरणार असाल तर वेगासाठी दिलेले पैसे थोडे वायाच. लॅपटॉपमध्ये एम.२ ची (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची) जागा आहे का तेही उघडून बघा. असेल तर दोन्ही बसतील, भांडण नको.

रानवाटा
एसएमआरचं माहीत नव्हतं. मग २ टीबीचा हट्ट सोडते. पण ५०० ची घेणार नाही, १ टीबीच्या एसएसडीसाठी पैसे साठेपर्यंत जुनीवरच दिवस काढेन. जागेचा आग्रह माझा अजून तोच आहे.

खटपट्या
एम.२ नाही, झाकण उघडून पाहिलं. ५०० ची एसएसडी नक्की. काल रात्री जुनी डिस्क आवरायला बसलो, तर फोनचे तेच फोटो तीन वेगवेगळ्या फोल्डरांत! २१० जीबी तेवढ्यातच. दोन प्रती उडवल्या की निम्मी चिंता मिटली.

रानवाटा
थांबा. दोन उडवल्यावर उरलेली एकमेव प्रत कुठे असणार? एसएसडी जाताना बरेचदा टकटकही करत नाही. एकदम गप्प होते. आणि ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणारी सोय) चालू असेल तर पुसलेलं परत मिळण्याची आशा जवळपास नाहीच. बाहेर दुसऱ्या डिस्कवर आहेत का ते फोटो?

खटपट्या
नाहीत. तिन्ही प्रती याच डिस्कवर. आज रात्री बाहेरच्या डिस्कवर उतरवतो, मगच पुसतो.

रानवाटा
जमिनीवर ठेवून करा.