मदत हवी आहे: पोलो जीटीसाठी लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर?

मंडळी, गाडी २०१७ ची पोलो जीटी टीएसआय, ६८,००० किमी, डॅम्पर (शॉक अब्सॉर्बर) मूळचेच. रोज बडोद्यात मांजलपूर ते अलकापुरी, अधूनमधून अहमदाबाद एक्सप्रेसवे. फक्त ३० मिमी खाली घ्यायची आहे.

लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणाऱ्या आखूड, कडक स्प्रिंग) स्वस्त, हे खरं. पण गाडी खाली आली की डॅम्परचा दाबला जाणारा प्रवास तेवढाच घटतो, गतिरोधकावर तो बंप स्टॉपला (शेवटच्या रबरी अडथळ्याला) जाऊन आदळतो. शिवाय कडक स्प्रिंगची उसळी थकलेला डॅम्पर आवरू शकत नाही आणि सील गळायला लागतं. म्हणजे चारही डॅम्पर, पुढचे टॉप माउंट (डॅम्पर वर बॉडीला धरणारे रबरी जोड), बेअरिंग नवे धरूनच हिशोब करायला हवा. मग फरक उरतोच किती?

कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-डॅम्परचे संच) घ्यायचे तर प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) न बदलता खालच्या ब्रॅकेटवरून उंची बदलणारेच हवेत. भीती आपल्या पावसाळ्याची: विश्वामित्री नदीचा गाळ त्यांच्या आट्यांत बसला की कॉलर (उंची ठरवणारी फिरती रिंग) जाम होते, मग पान्याने हलत नाही.

असा सेट बडोद्यात दोन पावसाळे वापरलेल्यांनी कृपया सांगा: आट्यांवर काय लावता? आणि कंट्रोल आर्मच्या (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशचे (रबरी जोडाचे) बोल्ट गाडीचं वजन चाकांवर घेऊनच शेवटचे आवळणारा, नंतर टो-कॅम्बरचे (चाकांच्या कोनांचे) आकडे छापून देणारा कारागीर कुठे आहे? लटकत्या चाकावर आवळले की बुश पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात.