मदत हवी आहे: एटीमेगा३२ए वरून एव्हीआर-डीबी वर आलो, आता नसलेल्या ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतंय

विहीरकाठ

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. शेतीपंपासाठी ऑटो स्टार्टर बनवतो: सिंगल फेजिंग (एखादी फेज जाणं), ड्राय रन (पाण्याविना मोटर चालणं), टायमर, मोबाईलवरून चालू-बंद, एवढंच. जुनं डिझाइन एटीमेगा३२ए या मायक्रोकंट्रोलर चिपवर, १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, १६×२ एलसीडी, मेसेजसाठी सिम८०० हे टू-जी मॉड्यूल. बरीच वर्षं चाललं. मग २०२१ च्या टंचाईत चिपच मिळेना, मिळाली तर भाव ऐकून पाणी प्यावंसं वाटायचं. तेव्हाच ठरवलं होतं, नव्या घराण्यात जायचं. प्रत्यक्षात हात या उन्हाळ्यात लागला.

निवडली एव्हीआर-डीबी घराण्यातली एव्हीआर१२८डीबी४८. कारण सरळ आहे, पाच व्होल्टवर चालते. रिले ड्रायव्हर, एलसीडी, सेन्सिंग सगळं पाच व्होल्टचं आहे, ते बदलायची इच्छा नव्हती.

आतापर्यंत जे जे अडलं आणि सुटलं ते आधी लिहितो, म्हणजे तेच तेच कुणी सांगायला नको.

विनएव्हीआर २०१० ला ही चिप ठाऊकच नाही, त्यामुळे कंपायलर बदलला. चिपमध्ये प्रोग्राम भरणारा यूएसबीएएसपी कपाटात गेला, आता त्यासाठी यूपीडीआयची एक वायर, यूएसबी-सिरियल आणि एव्हीआरड्यूड ७ वर काम होतं. सुरू होताना चिप ४ मेगाहर्ट्झवर असते हे कळेपर्यंत एक दिवस एलसीडी कोरा बघत बसलो. मग झिरो क्रॉसिंगचा (एसी शून्यावरून जाण्याचा) इंटरप्ट आला की प्रोग्राम तिथेच गरगरत राहायचा. जुन्या चिपमध्ये इंटरप्टचा फ्लॅग आपोआप पुसला जायचा, इथे पिनचा फ्लॅग आपण एक लिहून पुसायचा असतो. त्यात दोन रात्री गेल्या. सेटिंग पुसली जात होती, कारण आमचा लॉग ईईप्रॉमच्या (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीच्या) १०२४ बाइटवर पसरलेला आणि इथे ५१२ च आहेत. तेही आवरलं. व्हीडीडीआयओ२ (काही पिनांचा वेगळा सप्लाय) पाच व्होल्टला जोडलेला आहे, विसरलेलो नाही.

आता मूळ दुखणं. टेबलावर सगळं गुणी बाळासारखं चालतं. खऱ्या मोटरवर लावलं की दिवसातून दोन-चार वेळा "ओव्हर व्होल्टेज" दाखवून ट्रिप. लॉगमध्ये तिन्ही फेजच्या व्होल्टेजचे आकडे असे: आर ५९६, वाय ६०१, बी ५८९. मीटर लावून उभा राहिलो तर ४१२ च्या आसपास. शिवाय कधीकधी एलसीडीवर चिनी अक्षरं आणि काळे ठोकळे येतात, पण प्रोग्राम चालूच असतो, बटणं दाबली की रिले वाजतात. जुना बोर्ड त्याच पॅनेलमध्ये त्याच मोटरवर लावला तर असलं काहीही नाही.

कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू करणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलवर झटके शोषणारा स्नबर लावला, फरक नाही. चिपच नाजूक आहे का? परत जुन्या चिपवर जाऊ का? पार्टनर रोज हेच विचारतोय.

ओह्मकार

एवढं बदललंतच आहे तर एसटीएम३२ जी० ही चिप घ्यायची होतीत. स्वस्त, भरपूर मेमरी. एव्हीआरमध्ये आता काय राहिलंय?

विहीरकाठ

दादा, तीन पूर्णांक तीन व्होल्टवर सगळा बोर्ड नव्याने करायचा, कोड मुळापासून लिहायचा, आणि प्रश्न तिथेही हाच आला तर? आधी हा गुंता सोडवू दे.

तांब्याचीतार

डिकपलिंग, म्हणजे सप्लायच्या पिनांजवळचे कपॅसिटर, कसं आहे? त्या ४८ पिनच्या चिपला व्हीडीडी, म्हणजे सप्लायची पिन, एकच नाही, एव्हीडीडी वेगळी, व्हीडीडीआयओ२ वेगळी. प्रत्येकीला चिकटून १०० नॅनोफॅरॅड हवा. जुन्या बोर्डाचा लेआउट ओढूनताणून वापरला असेल तर कपॅसिटर हमखास दोन इंच लांब राहतो. बोर्डाचा फोटो टाका.

विहीरकाठ

फोटो संध्याकाळी टाकतो. कपॅसिटर सगळीकडे आहेत, एव्हीडीडीचा जरा लांब आहे हे खरं.

जुनाफ्यूज

फोटो नंतर. आधी चार प्रश्न, नीट उत्तरं द्या.

एक, एडीसीचा (व्होल्टेज मोजणाऱ्या भागाचा) रेफरन्स, म्हणजे मोजायची पट्टी, काय ठेवलाय? दोन, जुन्या चिपचे फ्यूज, म्हणजे आतली कायमची सेटिंग, काय होते, नव्या चिपच्या ब्राउनआउटचं (सप्लाय पडला की रिसेट करण्याचं) काय केलंय? तीन, ट्रिप कॉन्टॅक्टर ओढल्याबरोबर होतं की थोड्या वेळाने? चार, सिम८०० ला सप्लाय कुठून दिलाय?

विहीरकाठ

१) रेफरन्स व्हीडीडी, म्हणजे पाच व्होल्ट. जुन्यातही तेच होतं. प्रत्येक फेजला छोटा सेन्सिंग ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफाय करून प्रीसेटवरून (फिरवून जुळवायच्या रेझिस्टरवरून) एडीसीला.
२) जुना लो फ्यूज ३एफ. आमच्याकडे आधी जे साहेब होते त्यांनी ठेवलेला, आम्ही कधी हात लावला नाही. नव्याचं ब्राउनआउट… खरं सांगतो, तिकडे बघितलंच नाही. त्याचा फ्यूज बीओडीसीएफजी शून्य आहे, म्हणजे बंद.
३) हे तुम्ही विचारल्यावर लॉगच्या वेळा काढल्या. मोटर चालू झाल्यावर सहा-सात सेकंदांनी. दर वेळी.
४) ७८०५ रेग्युलेटरच्या पाच व्होल्टमधूनच, मधे एक १एन४००७ डायोड. डायोडवर पडून सव्वाचार मिळतात.

जुनाफ्यूज

सापडलं बहुतेक. मोटर चालू झाल्यावर सहा-सात सेकंदांनी तुमचं मशीन काय करतं? मालकाला "मोटर चालू" असा मेसेज पाठवतं. बरोबर?

आता गणित करा. तुमचा रेफरन्स पाच व्होल्ट आहे असं प्रोग्राम धरून चालतो. सप्लाय खाली गेला तर रेफरन्सही खाली जातो आणि बाहेरून येणारं तेच व्होल्टेज मोठं दिसतं. ४१५ चे ६०० दिसायला सप्लाय किती असायला हवा? ४१५ गुणिले ५ भागिले ६००, म्हणजे ३.४६. आणि तिन्ही फेज एकदम त्याच प्रमाणात वर गेलेत. लाइनवर खरोखर ६०० व्होल्ट आले असते तर वस्तीवरच्या टीव्ही-फ्रिजने आधी जीव सोडला असता.

टू-जी मॉड्यूल प्रक्षेपण करताना सलग करंट घेत नाही. दर ४.६ मिलिसेकंदाला साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा झटका, आणि त्या झटक्यात दोन अँपिअरपर्यंत मागतं. ७८०५ एक-दीड अँपिअरचा गडी. तो गुडघे टेकतो.

आता जुना बोर्ड "नीट" का चालायचा ते. ३एफ म्हणजे ब्राउनआउट चालू आणि पातळी ४.० व्होल्ट. तुमचे आधीचे साहेब शहाणे होते. सप्लाय चारच्या खाली गेला की चिप सरळ रिसेट व्हायची, पुन्हा उठायची, एलसीडी पुन्हा इनिशिअलाइज करायची. मोटर बंद पडायची नाही, कारण कॉन्टॅक्टर स्वतःच्या होल्डिंग कॉन्टॅक्टवर धरलेला, तुमचे रिले फक्त स्टार्ट आणि स्टॉपचं बटण दाबतात. चूक तेव्हाही होती, रिसेट ती गिळत होता.

नवी चिप १.८ पासून ५.५ व्होल्टपर्यंत पूर्ण २४ मेगाहर्ट्झवर धावते. ३.४ ला ती हलतसुद्धा नाही. ब्राउनआउट तुम्ही बंद ठेवलंय. चालू केलं तरी तिची सगळ्यात वरची पातळी २.८५ आहे, ४.० तिच्यात नाहीच. एलसीडी मात्र त्या खड्ड्यात गडबडतो, चार बिटच्या जोडणीत अर्धा बाइट इकडचा तिकडे झाला की पुढचं सगळं चिनी.

एक खात्री करा. जुनी मशीनं मोटर चालू झाल्यावर डिस्प्लेवर मधेच पहिला स्क्रीन दाखवायची का?

विहीरकाठ

साहेब, वाचताना अंगावर काटा आला.

आमच्या पहिल्या स्क्रीनवर "वेलकम" येतं. सांगोल्याकडचे एक आजोबा पहिल्या वर्षीच म्हणाले होते, "तुमचं मशीन लई मायाळू, मोटर सुरू झाली की नमस्कार करतंय." आम्ही हसलो होतो. आणि मेसेज कधी येतो कधी येत नाही ही तक्रार तर कायमची. आम्ही प्रत्येकाला रेंज कमी आहे म्हणून सांगायचो, दोघातिघांना लांब वायरचा अँटेनाही विकला.

पण एक शंका. जुन्यात एडीसीचं वाचन २० मिलिसेकंदांच्या सरासरीचं होतं. नव्यात हार्डवेअरच सोळा सॅम्पल जमा करून देतं म्हणून ते वापरलं. त्याने काही बिघडलं का?

जुनाफ्यूज

बिघडलं. तिन्ही फेजची सोळा-सोळा सॅम्पल मिळून तुमचं वाचन अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत संपत असणार. म्हणजे अख्खं वाचन एका झटक्याच्या पोटात बसतं. आधी तो झटका सरासरीत विरघळला असता. सॅम्पल पसरून घ्या, पूर्ण एका सायकलवर.

तांब्याचीतार

अंदाजावर बोर्ड बदलू नका. पाच व्होल्टच्या सप्लायवर स्कोप लावा, ट्रिगर ४.२ व्होल्टवर, उतरत्या कडेला. प्रोबची ग्राउंड क्लिप लांब सोडू नका, चिपच्या पायाशीच धरा. मोटरची गरजसुद्धा नाही, टेबलावर बसून नुसता मेसेज पाठवा.

विहीरकाठ

टेबलावर कधी दिसलं नाही त्याचं कारणही कळलं. टेबलावर आम्ही सिमच घालत नव्हतो.

(दोन दिवसांनी) पॉलिटेक्निकमधल्या मित्राचा स्कोप आणला. मेसेज पाठवल्याबरोबर पाच व्होल्टच्या रेषेला कंगव्यासारखे दात पडले, दर ४.६ मिलिसेकंदाला एक, खोल दात ३.४ पर्यंत. पार्टनरला बोलावून दाखवलं. तो काही बोलला नाही, चहा सांगितला.

आता पुढचं काय काय करू? एडीसीला आतला ४.०९६ चा रेफरन्स घेतला तर?

जुनाफ्यूज

४.०९६ नको, त्याला स्वतःलाच सप्लाय पाच व्होल्टच्या जवळ लागतो, खड्ड्यात तोही बुडेल. २.५ चा घ्या आणि प्रीसेट त्याप्रमाणे खाली आणा.

मुख्य काम सप्लायचं. मॉड्यूलला ७८०५ वरून तोडा. आधीच्या १२ व्होल्टवरून वेगळा बक रेग्युलेटर, ४.० ला सेट, आणि मॉड्यूलच्या पायाशी लो ईएसआरचा १००० मायक्रोफॅरॅड. डायोड काढून फेका. मॉड्यूल ३.४ च्या खाली चालतच नाही, आणि तुमचा सप्लाय ३.४ ला आला की डायोडनंतर त्याच्या वाट्याला पावणेतीनसुद्धा उरत नव्हते. मेसेज तिथेच मरत होते.

रिसेटच्या पिनला ४.३८ व्होल्टचा सुपरव्हायझर (सप्लाय त्याखाली गेला की रिसेट देणारी छोटी चिप) लावा, तीन पायांचा मिळतो. फ्यूजमध्ये ती पिन रिसेट म्हणून लावलेली आहे ना ते बघा, नाहीतर ती नुसती इनपुट असते आणि सुपरव्हायझर शोभेला राहतो. आतलं ब्राउनआउट २.८५ ला चालू ठेवाच, ईईप्रॉमसाठी. मात्र सुपरव्हायझर आधी लावून सप्लायचं काम पुढे ढकललंत, तर जुनं "वेलकम" परत येईल.

आणि डीबीमध्ये एक सोय आहे ती वापरा: एडीसीला आतूनच व्हीडीडीचा दहावा भाग वाचता येतो. प्रत्येक ट्रिपच्या नोंदीत फेजच्या तीन आकड्यांशेजारी तो चौथा आकडा लिहा.

ओह्मकार

मान गए. मी चिप बदला म्हणून मोकळा झालो होतो.

विहीरकाठ

बक आणि सुपरव्हायझर जाळीच्या बोर्डावर जोडून लावले. काल दुपारपासून आज सकाळपर्यंत मोटर ४० वेळा चालू-बंद केली, ४० च्या ४० मेसेज आले, ट्रिप एकही नाही, व्हीडीडीचा सगळ्यात कमी आकडा ४.९१. नवा लेआउट या आठवड्यात पाठवतो, एव्हीडीडीचा कपॅसिटर जवळ आणूनच.

शेवटचा प्रश्न. जुनी मशीनं बरीच बाहेर आहेत. त्यांना छोटा बकचा बोर्ड करून दिला तर चालेल ना? फ्यूज तसेच राहू देतो.

जुनाफ्यूज

चालेल. ट्रॅक एका ठिकाणी कापावा लागेल, डायोडच्या आधी. फ्यूजला हात लावू नका.

विहीरकाठ

ठीक. रविवारी सांगोल्याला जातो. आजोबांचं मशीन आधी करतो, आणि ज्यांना अँटेना विकला त्यांचे पैसे परत.