कुलवृत्तांताच्या कामासाठी ग्रॅम्प्स ६.० वर जावे का?

दप्तरखाना

ग्रॅम्प्स या मुक्त आणि विनामूल्य वंशावळ-प्रोग्रॅमची ६.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. कुलमंडळांसाठी माहिती जमवणाऱ्या अनेकांनी ती अजून घेतलेली नाही, कारण ५.२ वर त्यांचे काम बरे चालले आहे आणि नव्या आवृत्तीत पडद्यावर फारसे काही वेगळे दिसत नाही. माझे मत असे आहे, की कुलवृत्तांताची, म्हणजे एका कुळाची माहिती देणाऱ्या ग्रंथाची, पुढची आवृत्ती काढू पाहणाऱ्या प्रत्येक मंडळाने ६.० वर जावे. खरा बदल पडद्यामागे झाला आहे.

५.२ पर्यंत प्रत्येक व्यक्तीची, कुटुंबाची आणि घटनेची नोंद डेटाबेसमध्ये अशा बांधीव स्वरूपात साठवली जात असे, की ती उलगडायला पायथॉन ही संगणकभाषा आणि खुद्द ग्रॅम्प्सची अंतर्गत रचना, दोन्ही हाताशी असावी लागत. आता त्याच नोंदी जेसन या मजकूररूपात ठेवल्या जातात. उद्या ग्रॅम्प्सचा विकास थांबला, तरी कोणताही जाणकार प्रोग्रॅमर तो डेटाबेस उघडून नावे, नाती आणि तारखा वाचू शकेल. १९९० च्या दशकात छापलेल्या अनेक कुलवृत्तांतांची अक्षरजुळणी युनिकोडपूर्व मराठी फाँटांत झाली होती. त्या फाइली आज उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो, आणि हजारो नावे पुन्हा टंकावी लागतात. हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना माहिती कोणत्या स्वरूपात साठवली जाते हा प्रश्न गौण वाटू नये.

दुसरा लाभ फिल्टरचा, म्हणजे हव्या तेवढ्याच नोंदी निवडणाऱ्या गाळणीचा आहे. मोठ्या डेटाबेसमध्ये 'अमुक मूळपुरुषाचे सर्व वंशज' किंवा 'अमुक गावी जन्मलेले' असे शोध ६.० मध्ये जलद होतात, कारण प्रत्येक नोंद पूर्ण उलगडण्याची गरज कमी झाली आहे. एक सूचना मात्र आवर्जून करतो. डेटाबेसचे एकदा ६.० मध्ये रूपांतर झाले की तो ५.२ मध्ये उघडत नाही, म्हणून आधी जुन्या आवृत्तीतून एक्सएमएल बॅकअप घ्यावा.

पंचगंगा

दप्तरखाना, तुमच्या पहिल्या मुद्द्याला माझी हरकत आहे. ग्रॅम्प्सचा एक्सएमएल बॅकअप पूर्वीपासून वाचनीय मजकूरच आहे. तो नियमितपणे घेणाऱ्या मंडळाची माहिती ५.२ मध्येही अडकून पडलेली नव्हती. जेसनमुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची सोय झाली, हे मान्य. पण कुलवृत्तांताच्या कार्यकर्त्याच्या हाती त्यातून नवे काय येते, ते मला दिसत नाही.

ज्याची आपल्याला खरी निकड आहे, ते याही आवृत्तीत आलेले नाही. तारखेच्या चौकटीत ग्रेगरी, ज्युलियन, हिब्रू, फ्रेंच प्रजासत्ताक, पर्शियन, इस्लामी आणि स्वीडिश अशा कालगणना निवडता येतात. फ्रान्समध्ये जेमतेम बारा वर्षे चाललेली कालगणना तिथे आहे आणि आपले शके व तिथी नाहीत. आपल्या घरातल्या जुन्या टाचणांत, जन्मपत्रिकांत, श्राद्धाच्या नोंदींत इंग्रजी तारीख क्वचितच सापडते. मराठेशाहीतील कागदांवर सुहूर सन असतो, मराठवाड्यातील निजामी काळाच्या कागदांवर फसली. हे सगळे आजही 'केवळ मजकूर' म्हणून भरावे लागते, आणि तसे भरले की प्रोग्रॅमला त्याचा क्रम लावता येत नाही, वयही काढता येत नाही.

शिवाय दुसऱ्या प्रोग्रॅमला माहिती द्यायची झाली तर जेडकॉम, म्हणजे वंशावळ-प्रोग्रॅमांच्या देवाणघेवाणीच्या सामाईक स्वरूपातली, फाइलच लागते. जेडकॉमची ७.० ही आवृत्ती २०२१ मध्ये आली आणि तिने युनिकोड सक्तीचे केले, ग्रॅम्प्स ६.० मात्र अजून ५.५.१ स्वरूपातच फाइल काढतो. एवढ्यासाठी, संगणकाशी जेमतेम जुळवून घेतलेल्या वयस्कर कार्यकर्त्यांना पुन्हा नव्या आवृत्तीच्या दारात उभे करणे मला पटत नाही.

मोडीवाचक

पंचगंगा यांची तक्रार रास्त आहे, परंतु तिचा उपाय वाटतो तितका सोपा नाही, आणि प्रोग्रॅम बनवणाऱ्यांवर त्याबद्दल दोष ठेवता येणार नाही. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून लागू केलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका गणिताने सहज बसवता येईल, पण आपल्या कागदांत ती नसते. त्यांत असते चांद्रतिथी, आणि ती सूर्य-चंद्रांच्या स्थितीवर, स्थळावर आणि वापरलेल्या पंचांगावर अवलंबून असते. दोन पंचांगांचा अधिक मास वेगळा आला, तर एकच तिथी महिनाभराने सरकते.

एक उदाहरण पाहा. एखाद्या टाचणात 'शके १८०६ पौष वद्य' असे आहे. शकात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची सवय असलेला कार्यकर्ता १८८४ लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात त्या वर्षी पौष शुद्धातील बहुतेक तिथी डिसेंबर १८८४ मध्ये पडतात आणि वद्यातील तिथी जानेवारी १८८५ मध्ये. म्हणजे एकाच महिन्याच्या दोन पंधरवड्यांसाठी मिळवायचा आकडा वेगळा. त्यातही आपले महिने अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे, उत्तरेकडचे पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारे. आपल्याकडचा कार्तिक वद्य हरिद्वारच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मार्गशीर्ष कृष्ण म्हणून लिहिलेला असतो. वंशावळीसाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या आणि हरिद्वारच्या नोंदी एकत्र करणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर एकाच मृत्यूच्या दोन तारखा तयार होतात.

यावर आज उपलब्ध असलेला मार्ग असा आहे. तारखेच्या चौकटीत 'या दोन तारखांच्या दरम्यान' असा पर्याय घेऊन १ ते १६ जानेवारी १८८५ असे भरावे, तारखेचा दर्जा 'गणिताने काढलेली' असा निवडावा, आणि तिथेच मजकूर-टिप्पणीचा रकाना आहे त्यात मूळ शब्द जसेच्या तसे उतरवावेत. मग क्रमही लागतो आणि मूळ नोंदही हरवत नाही. ही सोय ५.२ मध्येही होती, त्यामुळे केवळ तिच्यासाठी आवृत्ती बदलावी असे मी म्हणणार नाही.

दोघांनीही न काढलेला एक मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे आधाराची नोंद. ग्रॅम्प्समध्ये कागद जिथे ठेवला आहे ते ठिकाण, तो कागद आणि त्यातला नेमका उल्लेख अशा तीन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक उल्लेखाला 'अत्यंत कमी' पासून 'अत्यंत उच्च' पर्यंत विश्वासार्हता देता येते. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून कुणबी नोंदींच्या शोधात गावोगावच्या मोडी दप्तरांना हात लागला, आणि वंशावळ हा शब्द तहसील कचेरीच्या आवारात रोज ऐकू येऊ लागला. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तिथे छापील वृक्षाला किंमत नसते. कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, शाळेचा निर्गम उतारा, जुना फेरफार यांतून एकेक पिढी जोडून दाखवावी लागते. आजोबा आणि पणजोबा यांच्यामधला दुवा कोणत्या कागदावर उभा आहे, हे ज्या कुलवृत्तांतात लिहिलेले नाही, तो ५.२ मध्ये ठेवला काय आणि ६.० मध्ये ठेवला काय, सारखाच अधुरा आहे.

पडवी

मला चिंता आवृत्तीची नाही, या प्रोग्रॅमच्या मूळ कल्पनेची आहे. कुलवृत्तांत हा एका कुळाचा असतो. त्याला मूळपुरुष असतो, शाखा असतात, कुलदैवत आणि गोत्र असते, आणि कुठे थांबायचे याची एक मर्यादा असते. हे प्रोग्रॅम व्यक्ती मध्यभागी ठेवून चहूबाजूंनी नाती वाढवत नेतात. सुनेचे माहेर, मुलीचे सासर, जावयाची भावंडे अशी भर पडत गेली, की त्यात आपले कुळ कोणते, हेच कळेनासे होते. आमच्या पूर्वजांनी मुलींच्या शाखा दिल्या नाहीत, कारण त्या दुसऱ्या कुळाच्या ग्रंथात यायच्या असतात. ही शिस्त आहे, अन्याय नव्हे.

दत्तकाचेही तसेच आहे. राजर्षी शाहू महाराज १८७४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव म्हणून जन्मले आणि १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. दत्तक घेतले आनंदीबाईसाहेबांनी. चौथे शिवाजी महाराज त्याआधीच, डिसेंबर १८८३ मध्ये, निवर्तले होते. दिवंगत पित्याला मिळालेला पुत्र, बदललेले नाव, बदललेले आडनाव आणि बदललेले कुळ, हे सारे पाश्चात्त्य चौकटीत कसे बसवणार? आमच्या छापील परंपरेत 'दत्तक गेला' आणि 'दत्तक आला' या दोन नोंदींत ते नेमके सांगितले जाते.

माहेरवाशीण

पडवी, तुम्ही दिलेले उदाहरण या प्रोग्रॅममध्ये अगदी नीट बसते. एकाच व्यक्तीला दोन आईबापांच्या कुटुंबांत मूल म्हणून जोडता येते. घाटगे कुटुंबाशी नाते 'जन्माने', भोसले कुटुंबाशी 'दत्तक'. दोन्ही नावे ठेवता येतात आणि प्रत्येक नावाला ते कधीपासून लागू झाले ती तारीख देता येते. दत्तकविधान ही स्वतंत्र घटना म्हणून १७ मार्च १८८४ या तारखेला नोंदवता येते, आणि तिचा आधार वेगळा लिहिता येतो. दोन्ही घरे जोडून ठेवणे कायद्याच्या दृष्टीनेही आवश्यक आहे, कारण १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार दत्तक गेलेल्याला जन्मकुळातील निषिद्ध नात्यांत विवाह करता येत नाही. तुमच्या छापील पद्धतीत 'दत्तक आला' अशी नोंद असते, पण तो कोणाच्या पोटी जन्मला हे शोधायला वाचकाला दुसऱ्या कुळाचा ग्रंथ मिळवावा लागतो, आणि तो निघालेलाच नसेल तर विषय तिथेच संपतो.

मुलींबद्दल तुम्ही जे लिहिले, ते मला अजिबात मान्य नाही. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने आणि केंद्राने २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायादाचा, म्हणजे मुलासारखाच जन्मतः हिस्सेदाराचा, हक्क दिला. वारसाच्या फेरफारात तिचे नाव लागते आणि कुलवृत्तांतात तिच्या लग्नानंतर रेघ संपते, ही शिस्त कशी म्हणावी? ती दुसऱ्या कुळाच्या ग्रंथात येईल, असे तुम्ही म्हणता. तिथे ती बहुधा सासरच्या नावाने, माहेरच्या केवळ आडनावासह, एका ओळीत येते. तिचे शिक्षण, तिने केलेले काम, तिची आई कोण, यांतले काहीही दोन्ही ग्रंथांत नसते. कुठल्याही जुन्या कुलवृत्तांतात आईच्या आईचे नाव शोधून पाहावे, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

प्रोग्रॅमवर माझाही एक आक्षेप आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम सक्तीचा केला आहे. ग्रॅम्प्समध्ये नावाचा प्रत्येक भाग कुठून आला ते सांगता येते आणि त्यात मातृनाम हा पर्यायही आहे. परंतु नाव कसे दाखवायचे याचा साचा ठरवताना पितृनामासाठी स्वतंत्र खूणशब्द आहे, मातृनामासाठी तसा नाही, त्यामुळे आईचे नाव हव्या त्या जागी आणायला आडवाट काढावी लागते. मुक्त प्रोग्रॅम आहे, बदल सुचवता येतो. मराठी वापरणाऱ्यांनी ही मागणी लावून धरावी.

दप्तरखाना

पडवी यांना हवी असलेली मर्यादा आणि माहेरवाशीण यांना हवी असलेली पूर्णता एकाच डेटाबेसमधून मिळू शकते, आणि फिल्टरच्या वेगाला मी महत्त्व देतो ते याचसाठी. माहिती भरताना सर्वांची भरावी: मुलींच्या शाखा, सुनांची माहेरे, दत्तकांची जन्मकुळे. छापताना कोणती शाखा घ्यायची, ते फिल्टर ठरवील. आज पितृवंशापुरता ग्रंथ छापला, तरी उद्याच्या संपादकाला मुलींच्या शाखांसह तो काढता येईल. न छापलेली माहिती जपून ठेवता येते, न जमवलेली माहिती मात्र ती सांगणारी माणसे गेल्यावर कोणत्याही आवृत्तीत परत येत नाही.

पंचगंगा यांचा एक्सएमएलचा मुद्दा तत्त्वतः बरोबर आहे. माझा अनुभव असा, की मंडळांत बॅकअप घेणारा एकच जण असतो, तो आजारी पडला किंवा परगावी गेला की वर्षभर कुणी तो घेत नाही, आणि शेवटी उरतो तो संगणकातला डेटाबेस. तो थेट वाचता येणे म्हणूनच मोलाचे आहे.

सातासमुद्रापार

माहिती सर्वांची भरावी, याला माझी पुस्ती एवढीच, की हयात व्यक्तींची नोंद बाहेर जाऊ देताना प्रोग्रॅममधील गाळणी न विसरता लावावी. छापील कुलवृत्तांतांत जन्मतारीख, पत्ता, दूरध्वनी आणि आईचे माहेरचे आडनाव एकत्र छापण्याची प्रथा आहे. परदेशात आईचे लग्नापूर्वीचे आडनाव हे बँकेत ओळख पटवण्यासाठी विचारले जाते. ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक नोंदीला 'खासगी' अशी खूण करता येते आणि फाइल काढताना हयात व्यक्ती वगळता येतात. मृत्यूची नोंद नसलेल्या पूर्वजांच्या बाबतीत मात्र तो वयाच्या कमाल मर्यादेवरून अंदाज बांधतो, म्हणून मृत्यूचे वर्ष ठाऊक नसले तरी 'मृत्यू' ही घटना भरून ठेवावी.

पंचगंगा

दत्तकाबद्दल माहेरवाशीण यांनी दिलेली मांडणी मला पटली, आणि फिल्टरचा उपयोगही पटला. तरीही माझी भूमिका कायम आहे. ज्या मंडळाचा ग्रंथ वर्षभरात छापखान्यात जायचा आहे, त्याने काम चालू असताना प्रोग्रॅमची आवृत्ती बदलू नये. एका कार्यकर्त्याने ६.० घेतली आणि त्याच्या संगणकावरचा डेटाबेस रूपांतरित झाला, की ५.२ वर राहिलेल्यांना तो उघडता येत नाही. मग दोन प्रती वेगवेगळ्या वाढू लागतात आणि त्या जुळवताना दुहेरी नोंदी शोधाव्या लागतात. त्यासाठीची साउंडेक्स ही पद्धत इंग्रजी अक्षरांच्या उच्चारगटांवर बांधलेली असल्याने देवनागरी आडनावांना तिचा उपयोग नाही, म्हणजे ती बंद ठेवून शोधले तरी वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेली आडनावे डोळ्यांनीच शोधावी लागतील. ग्रंथ छापून होऊ द्यावा, सर्वांनी एकाच दिवशी आवृत्ती बदलावी, आणि तोपर्यंतचा वेळ मोडीवाचक यांनी सांगितल्याप्रमाणे तिथींच्या मूळ नोंदी आणि प्रत्येक दुव्याचा आधार भरण्यात घालवावा.